काहीच बंद पडलं नाही, त्याचं श्रेय कुणाला?

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहून देतोय.

कारखान्यात रात्री दोनला मोटर जळते. एक पोरगा धावत येतो, सकाळपर्यंत लाईन सुरू करतो. त्याची वाहवा होते, आणि व्हायलाच हवी. पण ज्याने शेजारची मोटर जळूच दिली नाही, त्याचं नाव कुणी घेत नाही. हे दुसरं काम म्हणजे रिलायबिलिटी इंजिनिअरिंग. मेंटेनन्सवाला विचारतो, "हे लवकर सुरू कसं करू?" रिलायबिलिटीवाला विचारतो, "हे पुन्हा का बंद पडेल?"

आपल्या खान्देशात हे काम सगळीकडे आहे. जळगावचे पाईप आणि ठिबकचे कारखाने, डाळ मिल, भुसावळचं रेल्वेचं लोको शेड, दीपनगरचं वीज केंद्र, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या. तुमच्या ऑफर लेटरवर पदाचं नाव वेगळं असेल, काम हेच. मी स्वतः मेंटेनन्समध्ये आहे आणि माझ्या मते पुढच्या पाच सवयी असतील तर माणूस या कामात टिकतो आणि पुढेही जातो.

पहिली: नेमप्लेट वाचताना गावही आठवा. साधी इंडस्ट्रियल मोटर बहुतेक वेळा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. ढोबळ नियम असा, की वाइंडिंग मर्यादेपेक्षा दर १० अंश जास्त तापलं तर इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून मोटरच्या पंख्याची जाळी साफ करणं, लोड तपासणं, शेडमध्ये हवा खेळती ठेवणं ही कामं मार्चमध्येच उरकायची.

दुसरी: लक्षण लिहा. लॉगबुकात "बेअरिंग खराब, बदललं" एवढंच लिहिलं तर पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. कोणत्या बाजूचं बेअरिंग? आवाज कसा होता? तापमान किती? ग्रीस काळं पडलं होतं का? मागचं बेअरिंग किती तास चाललं? हे लिहिलेलं असेल, तर तेच बेअरिंग तिसऱ्यांदा जाताना कळतं, की दोष बेअरिंगचा नसून बेल्ट जास्त ताणलाय, अलाइनमेंट चुकलंय किंवा पायाचे बोल्ट ढिले आहेत. फोनवर काढलेला फोटो तारखेसह जपून ठेवा, फार कामाला येतो.

तिसरी: ऑपरेटरजवळ दहा मिनिटं उभे राहा. शिफ्ट बदलताना विचारा, "भाऊ, आज मशीनचा आवाज वेगळा वाटला का?" आठ तास त्याच मशीनपाशी असलेल्या माणसाला फरक आधी जाणवतो. पण त्याने सांगितल्यावर तुम्ही वहीत लिहिलं नाही, की पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

चौथी: चालत्या मशीनला उगाच हात लावू नका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी काम करणाऱ्या सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाने विमानांच्या नोंदी तपासल्या. ठरावीक तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवेत ना? उलट ते तपासणीनंतर लगेच वाढत होते आणि पुढे हळूहळू कमी होत होते. म्हणजे उघडझाप हेच काही बिघाडांचं कारण होतं. आपल्याकडचं उदाहरण ग्रीसचं. जास्त ग्रीस भरलं की बेअरिंग तापतं. म्हणून आधी तापमान आणि कंपन मोजा, मग ठरवा. आणि उघडायचंच असेल तर सप्लाय बंद, कुलूप लावलेलं, पाटी टांगलेली. "दोन मिनिटांचंच काम आहे" म्हणून वरून कितीही घाई झाली, तरी याला सूट नाही. इथे बोटं जातात, माणसंही जातात.

पाचवी: साहेबांशी तासांच्या आणि मालाच्या हिशोबात बोला. "कंपन वाढलंय" म्हटलं तर मान हलते, पैसे मंजूर होत नाहीत. दीपनगरला ५०० मेगावॅटचे संच आहेत. असा एक संच पूर्ण क्षमतेवर असताना तासभर थांबला, तर ५ लाख युनिट वीज गेली. तुमच्या लाईनचा असाच हिशोब मांडा. समजा ती तासाला ३०० किलो पाईप काढते, तर आठ तासांत २,४०० किलो माल बुडाला. आता त्याशेजारी नव्या बेअरिंगची किंमत लिहा.

श्रेयाचा प्रश्नही इथेच सुटतो. टळलेला बिघाड दाखवता येत नाही, पण मागच्या मे महिन्यात लाईन किती तास बंद होती आणि या मे महिन्यात किती, हे दाखवता येतं. पगारवाढीच्या बैठकीत असा एक कागद तुमची बाजू मांडतो. मात्र मागचे आकडे लिहून ठेवलेले असतील तरच.

तेव्हा या आठवड्यात एकच करा. सगळ्यात जास्त त्रास देणारं एक मशीन निवडा, त्याच्या नावाची वही घाला आणि रोज तीन ओळी लिहा. महिन्याने त्या वहीत काय सापडलं, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात भेटू!