काळं जर्किन आणि पहाटेचा रस्ता

अनसिंगहून बोलतोय. इअरफोन लावून शेकोटीजवळ बसला असाल, तर आधी एक काम करा. अंगातल्या जर्किनचा रंग बघा. काळा? गडद निळा? वाटलंच होतं.

आमच्याकडेही तेच. हिवाळा लागला की बाजारात काळे, चॉकलेटी, मेंदी रंगाचे स्वेटर आणि जर्किनच जास्त उचलले जातात. का, विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक, "रंग मळखाऊ आहे." दुसरं, "काळं गरम असतं." पहिलं शंभर टक्के खरं. दुसरं मात्र अर्धंच.

गडद रंग सूर्यप्रकाश जास्त शोषतो आणि त्याची उष्णता होते. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी उन्हात, बर्फावर वेगवेगळ्या रंगांचे कापडाचे तुकडे ठेवून पाहिले. काळ्याखालचा बर्फ सगळ्यात जास्त वितळला आणि तो तुकडा खोल रुतला. पांढरा वरच राहिला.

पण मेख आहे ती ‘उन्हात’ या शब्दात. आपण जर्किन घालतो कधी? रात्री आणि पहाटे. दुपारी तर आपल्या वऱ्हाडात तेच जर्किन गाडीच्या हँडलला लटकलेलं असतं. अंधारात काळं काय न पांढरं काय, ऊब सारखीच. खरी ऊब देतो तो कापडात अडकलेला हवेचा थर. म्हणून विकत घेताना जाडी बघा, अस्तर बघा, गळ्यातून वारा शिरतो का ते बघा.

हे सगळं आज का सांगतोय? मागच्या हिवाळ्यात पहाटे मी वाशीमहून पुसद रोडनं गाडीवर घरी येत होतो. धुकं होतं. समोर एकदम काहीतरी हललं आणि मी करकचून ब्रेक दाबला. दोन हातांवर माणूस उभा! काळं जर्किन, काळी कानटोपी. आमचेच अप्पा. शेतात रात्रीची लाइन होती, हरभऱ्याला पाणी देऊन परतत होते.

मी म्हटलं, "अप्पा, दिसलेच नाही ना तुम्ही!"

ते म्हणाले, "मले तं तुह्या गाडीचा लाइट कवाचा दिसून रायला."

फसगत इथेच होते बघा. ज्याला उजेड दिसतो, त्याला वाटतं आपणही समोरच्याला दिसतोय.

तर जर्किन काळं असलं तरी टाकू नका. वरून पांढरा दुपट्टा घ्या. जमलं तर पाठीवर आणि बाह्यांवर चमकणारी पट्टी शिवून घ्या, पोलिसांच्या जाकिटावर असते तशी. ती गाडीचा उजेड आला तिकडेच परत फेकते, त्यामुळे चालवणाऱ्याला लांबूनच दिसते. आणि पायी जाताना रस्त्याच्या उजव्या बाजूनं चाला, म्हणजे गाडी समोरून येताना दिसते.

अप्पांच्या जर्किनवर आईनं पट्टी शिवून दिली. अप्पा कुरकुरले, "बँडवाला दिसतो मी."

दिसता ना, अप्पा? बस, तेवढंच पाहिजे.

तुमच्या घरी रात्री ओलिताला कोण जातं, त्यांना हा भाग ऐकवा. भेटू पुढच्या भागात!