हृदय, मूत्रपिंड आणि मधुमेह : एकाच साखळीचे तीन दुवे

संध्याकाळी दुकान वाढवून घरी आल्यावर पायांवर सूज दिसते, जिना चढताना धाप लागते. ‘दिवसभर गादीवर बसून असल्याने असेल’ असे म्हणून कित्येकजण तिकडे काणाडोळा करतात. मात्र अनेक वर्षांचा मधुमेह असेल, तर ही लक्षणे हृदय आणि मूत्रपिंड या दोहोंच्या दुर्बलतेची सूचना असू शकतात.

हृदय निकामी होणे म्हणजे ते बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती उणावणे होय. विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. हा ओघ घटला की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी रोखून धरतात आणि त्या पाण्याचा भार पुन्हा थकलेल्या हृदयावरच पडतो. रक्तातील वाढलेली साखर दोन्ही अवयवांच्या रक्तवाहिन्यांना इजा करते.

आशेची गोष्ट अशी, की काही औषधे तिन्ही दुव्यांवर काम करतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटल्याचे २०१५ मध्ये हृदयविकार असलेल्या मधुमेही रुग्णांत आढळले. पुढे मधुमेह नसलेल्यांनाही या वर्गातील औषधांचा लाभ दिसून आला.

तथापि उपवासात हीच औषधे घेतल्यास साखर फारशी न वाढताही रक्तातील आम्ल धोकादायक पातळीला जाऊ शकते. इन्सुलिनमुळे साखर एकाएकी उतरू शकते. लघवीच्या गोळ्यांमुळे शरीर कोरडे पडू शकते. म्हणून पर्युषणात उपवासाचे वा अठ्ठाईचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. औषध मनाने बंद करू नये आणि रेटूनही घेऊ नये.

मधुमेहींनी वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. क्रिएटिनिन ठीक असतानाही अल्ब्युमिन वाढलेले असू शकते. मूत्रपिंडाच्या बिघाडाची ती आरंभीची खूण होय. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ आवरावे. वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. हृदय दुर्बल असलेल्याने रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाल्यास त्वरित डॉक्टरांना कळवावे. पायांवरची सूज हा थकव्याचा भाग मानून दिवस ढकलणे, हाच यातील सर्वांत मोठा धोका आहे.