एकांताचे काम

चिनी चित्रकाराचे काम कुंचला उचलण्याच्या पुष्कळ आधी, सहाणेपाशी सुरू होते. पाइनच्या लाकडाची अथवा तेलाच्या दिव्याची काजळी सरसात मळून, साच्यात दाबून वाळवलेली शाईची कांडी दगडी सहाणेवर थोडेसे पाणी घेऊन सावकाश गोल फिरवीत राहावी लागते. हात जड पडला की शाईत कण राहतात, पाणी अधिक झाले की ती फिकी पडते, आणि म्हणून उगाळणाऱ्याचे चित्त भोवतालच्या गलबल्यातून आपोआप निघून त्या लहानशा खळग्यातील काळ्या चकाकीवर स्थिरावते. हे मी एका चित्रकाराजवळ बसून पाहिले, आणि डोंगराच्या कुशीत पर्णकुटी बांधून राहणारा विद्वान चिनी निसर्गचित्रांत शतकानुशतके का येत राहिला, याचा उलगडा मला ग्रंथांपेक्षा त्या सहाणेपाशीच अधिक झाला.

पुढचा क्रमही तसाच धीराचा. फिक्या शाईने डोंगराची घडण सुचवायची, ती वाळली की त्यावर किंचित गडद शाईच्या लांब, सुटसुटीत रेषा ओढायच्या. विसकटलेल्या तागाच्या धाग्यांसारख्या दिसणाऱ्या या रेषांनीच दक्षिणेकडील मातीच्या डोंगरांना अंग येते. कुंचला जवळजवळ कोरडा करून फिरवला की कागदाचा पांढरेपणा मधूनमधून तसाच राहतो आणि तेथे हवा खेळते. शेवटी झाडीचे, शेवाळाचे गर्द ठिपके. उमटलेली रेषा पुसण्याची सोय कोठेच नाही, त्यामुळे दोन रेषांमधील थांबणे हेही रेषेइतकेच विचारपूर्वक करावे लागते.

या रीतीचा जो नमुना मला सर्वांत थोर वाटतो, तो हुआंग गोंगवांग (१२६९–१३५४) याचा ‘फूचुन डोंगरांतील वास्तव्य’ हा आडवा पट. मंगोल अमदानीत हा गृहस्थ सरकारी दफ्तरात कारकून होता. वरिष्ठ अधिकाऱ्यावर आलेल्या बालंटात तोही गोवला गेला, कैद भोगून बाहेर पडला, आणि चाकरीचा मार्ग खुंटल्यावर ताओपंथाकडे वळून भविष्यकथनावर गुजराण करू लागला. अशा माणसाच्या चित्रातील एकांत हा केवळ शोभेचा विषय खासच नव्हता. त्याचा समकालीन नी त्सान आपल्या चित्रांत नदीकाठी रिकामा मंडप काढी आणि मनुष्य बहुधा काढीतच नसे. त्या निर्मनुष्य शुचितेपुढे मी नतमस्तक होतो, परंतु हुआंगच्या डोंगरांत होडीतले कोळी आहेत, वाटसरू आहेत, घरांची छपरे आहेत, आणि एकांताची ही माणसांना न दुरावणारी कल्पना मला अधिक परिपक्व वाटते.

पुढे १६५० साली वू होंगयू नावाच्या मालकाने मरणशय्येवरून हा पट अग्नीत टाकवला. पुतण्याने तो ओढून काढला, पण तोवर त्याचे दोन तुकडे झाले होते. धाकटा, सुमारे ५१ सेंटीमीटरचा, आज हांगचौला आहे आणि सहा मीटरांहून अधिक लांबीचा थोरला तैपेईला.

या थोरल्या तुकड्याच्या शेवटी १३५० साली चित्रकाराने स्वहस्ते लिहिलेला मजकूर मला रेषांइतकाच मोलाचा वाटतो. १३४७ साली वूयोंग या ताओपंथी स्नेह्याबरोबर फूचुनला आल्यावर त्याने फावल्या वेळी सबंध रचना एकदा आखून टाकली, मग मन येईल तशी भर घातली, आणि भटकंतीला जाताना पट डोंगरातच ठेवून गेल्यामुळे तीन-चार वर्षांतही तो पुरा झाला नाही. ज्याची उमेदीची वर्षे मुदतींच्या आणि तगाद्यांच्या दफ्तरात गेली, त्याने आपल्या सर्वश्रेष्ठ कामाला मुदतच घालू नये, यात मला त्याचा खरा संन्यास दिसतो. वूयोंगला मात्र धास्ती पडली की कोणी तरी हा पट कपटाने वा बळाने बळकावील. त्याने चित्र अपुरे असतानाच मालकीची नोंद करून देण्याचा आग्रह धरला. ऐंशी ओलांडलेल्या हुआंगने ती करून दिली, आणि आता पट सामानात बरोबर घेतला आहे, सकाळ-संध्याकाळ सवड मिळेल तसा त्यावर कुंचला चालवीन, असेही त्याच मजकुरात लिहून ठेवले.