शाप, बाधा आणि लागण : बुरशीच्या राक्षसकथेचे स्वरूप

माणसाचा राक्षस होणे ही मराठी श्रोत्याच्या दृष्टीने नवी घटना नाही. ‘गुरुचरित्रा’च्या सातव्या अध्यायात गोकर्णमाहात्म्याच्या निमित्ताने मित्रसह राजाची कथा येते. श्राद्धाच्या पानात कपटाने नरमांस वाढले जाते; वसिष्ठ शाप देतात; राजा उलट शाप देण्यासाठी हातात पाणी घेतो; राणी मदयंती त्याला आवरते आणि ते पाणी तो स्वतःच्याच पायांवर सोडतो. पाय काळवंडतात. मित्रसहाचा कल्माषपाद होतो आणि बारा वर्षे ब्रह्मराक्षस होऊन रानात हिंडतो. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असलेले कारंजा वऱ्हाडातच आहे. या प्रदेशात पोथीची पारायणे पिढ्यान्‌पिढ्या होत आली असल्याने घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावीही ही कथा अनेकांच्या कानांवरून गेलेली असते. तिचा विशेष असा की राक्षसत्वाविषयीचे सर्व प्रश्न तीत सुटलेले आहेत. शाप कोणी दिला, का दिला, किती काळासाठी दिला आणि त्यातून सुटका कशी होणार, हे श्रोत्याला ठाऊक असते. रूपांतर मात्र एका क्षणात उरकते. राजा आणि राक्षस यांच्यामधली कोणतीही अवस्था कथेला दाखवावीशी वाटत नाही.

बुरशीच्या लागणीने माणूस हळूहळू राक्षस होतो अशी कल्पना करणाऱ्या कथांमध्ये नेमकी हीच मधली अवस्था कथेचा विषय होते. पाश्चात्त्य आणि जपानी भयसाहित्यात व चित्रपटांत हे आशयसूत्र शंभराहून अधिक वर्षे वावरत आहे. अलीकडे दूरदर्शन-मालिका आणि संगणकीय खेळ यांमुळे ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्याही परिचयाचे झाले आहे. त्याकडे केवळ किळसवाण्या दृश्यांची मालिका म्हणून पाहण्याची प्रवृत्ती दिसते. ती योग्य नव्हे. या कथांत खरा पेच शरीरावर काय उगवते हा नसून, ते उगवत असताना ‘माणूस’ हा शब्द त्या शरीरापासून कोण आणि केव्हा काढून घेतो, हा आहे.

मराठीतील ‘लागण’ या शब्दाचा येथे उपयोग होतो. रोगाची लागण होते आणि उसाची लागण केली जाते. वऱ्हाडात पिकाच्या संदर्भात ‘लागवड’ हाच शब्द अधिक रूढ असला तरी दोहोंचे मूळ एकच आहे. काहीतरी दुसऱ्या कशाला लागते, धरते, रुजते. ‘बाधा’ वेगळी. बाधेत परकी शक्ती माणसाला पीडते, पण ती उतरवता येते. भूतबाधा जशी उतरते तशी विषबाधाही उतरते. मराठी भयकथेचा मोठा भाग या बाधेच्या कल्पनेवर उभा आहे. नारायण धारपांच्या कथाविश्वात ‘समर्थ’ ही व्यक्तिरेखा संभवते ती यामुळेच : अनिष्ट शक्ती बाहेरून आलेली असते, म्हणून तिला बाहेर घालविणाराही असू शकतो. लागणीला असा समर्थ भेटत नाही. बुरशीची राक्षसकथा ही त्या अर्थाने शेतीची कथा आहे. तीत माणसाचे शरीर हे शेत होते आणि पीक दुसऱ्याचे असते.

वाघाडी नदीकाठच्या घाटंजीच्या परिसरात हे सांगण्यासाठी परदेशी कथेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. येथील कोरडवाहू शेती कापूस, तूर, ज्वारी आणि अलीकडच्या दशकांत सोयाबीन यांची. ज्वारीवर ‘काणी’ पडते. दाणे काणीत कणसातला दाणा दाण्यासारखाच दिसत राहतो. पातळ पापुद्र्याच्या आत मात्र पिठाच्या जागी बुरशीच्या बीजाणूंची काळी भुकटी भरलेली असते. मळणीत पापुद्रा फुटतो, भुकटी निरोगी दाण्यांना चिकटते आणि पुढच्या हंगामात बियाण्याबरोबर पेरली जाते. पेरणीपूर्वी बियाण्याला गंधक चोळण्याची पद्धत त्यासाठीच. तुरीचा ‘मर’ याहून गूढ आहे. बुरशी मातीतून मुळावाटे आत शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका कोंडते आणि झाड फुलांवर, शेंगांवर आलेले असताना उभ्या उभ्या वाळते. खोड उभे चिरले की आत काळ्या रेषा दिसतात. बाजरीच्या मुलखात ‘गोसावी’ नावाचा रोग आहे. त्यात कणसावर दाण्यांऐवजी हिरव्या पानांसारखे झुपके वाढतात आणि कणीस जटा वाढविल्यासारखे दिसू लागते. (आजच्या वर्गीकरणात या रोगाचे कारण खऱ्या बुरशींत मोडत नाही. शेतकऱ्याच्या भाषेला त्याची फिकीर नाही.) आकार तोच पण आत दुसरेच, उभा असूनही आतून संपलेला, आणि मूळ रूप टाकून भलतेच रूप घेतलेला : पुढे ज्या कथांचा विचार करावयाचा आहे त्यांतील राक्षसांचे हे तिन्ही प्रकार शेताच्या बोलीत आधीच नोंदलेले आहेत.

बुरशीचे दुसरे अंगही याच प्रदेशाला माहीत आहे. पावसाळ्यात वारुळांच्या आसपास उगवणाऱ्या अळंब्या विदर्भाच्या पूर्व भागात ‘सात्या’, ‘टेकोडे’ अशा नावांनी ओळखल्या जातात आणि आवडीने खाल्ल्या जातात. उकिरड्यावरची ‘कुत्र्याची छत्री’ मात्र कोणी तोडत नाही. खाण्याजोगे आणि टाळण्याजोगे यांत फरक करणारे हे ज्ञान जिथे संपते, तिथे बुरशीची भयकथा सुरू होते.

या प्रकारातील पायाभूत कथा म्हणजे विल्यम होप हॉजसन या इंग्रज लेखकाची १९०७ साली प्रसिद्ध झालेली ‘द व्हॉइस इन द नाइट’ ही होय. हॉजसन व्यापारी जहाजावर काम केलेला लेखक होता; समुद्रावरच्या एकटेपणाचे वर्णन त्याच्याकडे अनुभवातून आलेले आहे. वारा पडल्यामुळे उत्तर पॅसिफिक महासागरात थांबलेल्या शिडाच्या जहाजाजवळ काळोखात एक वल्ह्यांची होडी येते. होडीतला म्हातारा आवाज अन्न मागतो, पण दिवा पुढे करू नका अशी विनवणी करतो. जहाजावरचे लोक पेटीत अन्न घालून ती पाण्यावर सोडतात. काही तासांनी आवाज परत येतो आणि उपकाराची फेड म्हणून आपली हकीकत सांगतो. बुडत्या जहाजावर खलाशांनी टाकून दिलेला तो आणि त्याची वाग्दत्त वधू तराफ्यावरून एका खाजणात पोहोचतात. तेथे करड्या बुरशीने माखलेले दुसरे जहाज उभे असते आणि पलीकडच्या बेटावरही तीच बुरशी माजलेली असते.

रूपांतराचे टप्पे लेखकाने कमालीच्या संयमाने मांडले आहेत. बुरशी प्रथम भिंतींवर असते; ती खरवडून कार्बोलिक आम्लाने धुतली तरी पुन्हा येते. मग एका सकाळी ती मुलीच्या उशीवर, चेहऱ्याच्या अगदी जवळ आढळते. त्यानंतर तिच्या हातावर, अंगठ्याजवळ, एक लहानसा करडा डाग. पुढे त्याच्याही अंगावर. इथपर्यंत ही रोगाची कथा आहे. ती राक्षसकथा होते ती भुकेमुळे. अन्न संपत आलेले असताना मुलगी बुरशी खाताना त्याला दिसते आणि खाल्ल्यावर तिची वासना आवरत नाही. तो तिला दटावतो, पण त्याच दिवशी बुरशीचा एक हातासारखा लोंबता भाग त्याच्या तोंडाला लागतो. गोड चव लागताच तोही ओरबाडून खातो. आपल्याला स्पर्शून गेलेली ती आकृती पूर्वी माणूस होती, आधीच्या जहाजावरचा कोणी खलाशी होती, हे त्याच्या ध्यानात येते.

त्या दोघांचा निर्णय या कथेचे मर्म आहे. सुटकेचा मार्ग शोधायचा नाही, निरोगी माणसांत परत जायचे नाही, असे दोघे ठरवितात. शरीर बुरशीचे होत गेले तरी लाज, कृतज्ञता, दुसऱ्याची काळजी आणि वधूविषयीचे ममत्व आवाजात शाबूत राहते. पहाटेच्या अंधुक प्रकाशात होडी दूर जाताना खलाशाला वल्ह्यांवर वाकणारा एक करडा, स्पंजासारखा आकार क्षणभर दिसतो आणि कथा संपते. निवेदनाची ही युक्ती लक्षात घ्यावी लागते. आधी आवाज ऐकवून मग शरीर दाखविल्यामुळे वाचकाला त्या आकाराला राक्षस म्हणणे जड जाते. क्रम उलटा असता तर ती सामान्य भयकथा झाली असती.

इशिरो होंडा यांच्या १९६३ सालच्या ‘मातांगो’ या जपानी चित्रपटाला हॉजसनच्याच कथेचा आधार आहे. येथे बेटावर अडकलेली शहरी, सुखवस्तू मंडळी भुकेने आपापसांत भांडतात आणि एकेक जण अळंबीला वश होतो. अणुबॉम्बने विद्रूप केलेल्या माणसांच्या आठवणी जपानमध्ये ताज्या असताना आलेला हा चित्रपट आहे. त्यातील फुगलेले, गाठाळलेले चेहरे त्या प्रेक्षकांना निव्वळ कल्पित वाटले नसतील.

२०१३ साली आलेला ‘द लास्ट ऑफ अस’ हा संगणकीय खेळ आणि २०२३ पासूनची त्यावरील मालिका यांनी या आशयसूत्राला एक नवी घडण दिली. खेळात रूपांतराच्या अवस्था नावनिशीवार ठरलेल्या आहेत. पहिली एकदोन दिवसांतच येते. रुग्ण धावून अंगावर येऊ लागतो. वर्षभरात बुरशी कपाळ फोडून बाहेर येते, डोळे जातात आणि तो आवाजाच्या प्रतिध्वनीवर सावज शोधतो. पुढे शरीरावर जाड कवच चढते. हॉजसनचा माणूस अखेरपर्यंत बोलतो. येथे वाणी सर्वांत आधी जाते. माणूसपण पहिल्याच टप्प्यावर काढून घेतल्यामुळे नंतरच्या टप्प्यांवरील शरीरे निःशंकपणे मारता येतात. खेळाची ती गरजच आहे.

या खेळाला आधार आहे तो मुंग्यांवर वाढणाऱ्या एका खऱ्या बुरशीचा. लागण झालेली मुंगी वसाहत सोडून झुडपावर चढते, जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर पानाच्या शिरेला जबड्याने घट्ट धरते आणि मरते. मग तिच्या मानेतून बुरशीचा दांडा उगवतो. २०१७ सालच्या संशोधनात बुरशीच्या पेशी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळे विणतात, मेंदूत मात्र शिरत नाहीत, असे आढळले. भयकथाकारांच्या कल्पनेला अद्याप हे सुचलेले दिसत नाही. माणसाच्या बाबतीत असे काही घडलेले नाही. बहुसंख्य बुरशींना मानवी शरीराचे तापमानच सोसत नाही.

तरीही बुरशीने माणसाचा चेहरा बदलल्याचा अनुभव महाराष्ट्राने २०२१ साली घेतला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, विशेषतः मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर यांच्या पार्श्वभूमीवर, म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. नाकावाटे शिरलेली बुरशी रक्तवाहिन्या कोंडते, रक्त न मिळालेला भाग मरून काळा पडतो आणि तो कापून काढावा लागतो; कोणाचा जबडा, कोणाचा टाळू, कोणाचा डोळा. वृत्तपत्रांनी तिला ‘काळी बुरशी’ म्हटले. वास्तविक काळी असते ती मेलेली ऊती, बुरशी नव्हे. माणसाच्या देहाचा रंग आक्रमकाला चिकटवून भाषेने आपली सोय करून घेतली. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. पण चेहरा गमावलेल्या माणसाकडे पाहणाऱ्याला हे प्रत्येक वेळी आठवतेच असे नाही.

विदर्भाच्या दृष्टीने त्याहून जुना आणि खोल संदर्भ कुष्ठरोगाचा आहे. तो बुरशीचा रोग नव्हे. त्याचा जीवाणू हॅन्सेनने १८७३ साली शोधला. परंतु डागापासून सुरू होऊन हळूहळू शरीर बदलणारा आणि बदलत्या शरीराबरोबर नाव, घर, गाव हिरावून घेणारा रोग म्हणून या कथासूत्राचे सर्वांत जवळचे वास्तव तेच आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांचे, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धन यांचे आणि यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या वरोऱ्याला बाबा आमटे यांचे काम उभे राहिले. आमट्यांच्या आयुष्यातला आरंभीचा प्रसंग प्रसिद्ध आहे : पावसात गटाराच्या कडेला पडलेल्या, झडलेल्या देहाच्या तुळशीरामाला पाहून ते भीतीने पळाले, आणि त्या पळण्याचीच लाज वाटून परतले. हॉजसनच्या खलाशाला पहाटे जो आकार दिसला, तोच येथे आधी दिसला. आवाज नंतर आला.

कायद्याची नोंदही पाहण्यासारखी आहे. १८९८ सालचा कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्यासंबंधीचा कायदा २०१६ साली रद्द झाला. औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होऊ लागून दशके लोटली तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांत टिकून होते. ते २०१९ सालच्या दुरुस्तीने वगळले गेले. अंगठ्यावर करडा डाग आलेल्या त्या मुलीला तिच्या वाग्दत्त वराने सोडले नव्हते, आणि ती कथा १९०७ सालची आहे.