कुंभार, वारूळ आणि ईश्वर

घट आहे त्याअर्थीं कुंभार असलाच पाहिजे. तसेंच जग आहे त्याअर्थीं त्याचा कर्ता असलाच पाहिजे, हें अनुमान कीर्तनापुराणांतून इतक्या वेळां कानांवर पडतें कीं, त्याची कोणी उलटतपासणी केली होती हें पुष्कळांस ठाऊकही नसतें. आज कोणी ती करूं लागला, तर पुरावा ऐकण्यापूर्वींच त्यास नास्तिक ठरवितात. हा न्याय नव्हे.

७ व्या शतकांत धर्मकीर्ति या बौद्ध पंडितानें विचारलें, वारूळही मातीचेंच, मग तेंही कुंभारानेंच केलें म्हणावें काय? आक्षेप मार्मिक आहे. घट पाहून कुंभार आठवतो, तो घट घडतांना आपण पाहिला म्हणून. हस्ताक्षर ओळखण्याचें असेंच आहे. खतावणींतील अक्षर अमुक मुनिमाचें असें ज्यानें सांगावयाचें, त्यास त्या अक्षराचा पूर्वपरिचय हवा, असें १८७२ चा पुराव्याचा कायदा म्हणत असे. जग घडतांना कोणीं पाहिलें?

यावर नैयायिकांचें उत्तर पोरकट नाहीं. ज्या अंकुरादि वस्तूंच्या कर्त्याविषयींच वाद आहे, त्याच प्रतिपक्षानें पुराव्यांत कशा दाखल कराव्या, असें ते विचारतात. कोणताही वकील ही हरकत घेईल.

परंतु या अनुमानावर सर्वांत कठोर प्रहार रामानुजाचार्यांसारख्या परम भक्तानें केला आहे, हें ध्यानांत ठेवावें. श्रीभाष्यांत ते म्हणतात कीं, जग कार्य आहे असें मानलें, तरी तें एकाच वेळीं एकाच कर्त्यानें केलें हें कशावरून? ईश्वर त्यांनीं शास्त्रावरून मानला, तर्कावरून नव्हे. कुमारिल तर सृष्टिकर्ता मानीतच नसत, तरी वेदांचे कैवारी म्हणून त्यांस मान आहे. मनूच्या मतेंही नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. असली चिकित्सा विलायतेहून आली असें आमच्या कांहीं पदवीधरांस वाटतें. ह्यूमचें या विषयावरील पुस्तक १७७९ सालीं निघालें, तेव्हां रामानुजांस होऊन सहा शतकें लोटलीं होतीं!

आणि ज्या उदयनाचार्यांनीं 'न्यायकुसुमांजलि' लिहून ईश्वरसिद्धीची बाजू सर्वांत समर्थपणें मांडली, त्यांनीं पांच स्तबकांत प्रतिपक्षाचे पांच आक्षेप घेऊन त्यांस उत्तरें दिलीं आहेत. ग्रंथाच्या शेवटीं त्यांनीं देवापाशीं या खंडन करणारांसाठींही रदबदली केली आहे: वादाच्या निमित्तानें कां होईना, यांनीं तुझेंच चिंतन केलें; यथाकाल यांसही तार.