इंजिन हालतें, बंद पडतें व पुन्हां सुरू होत नाहीं : दोष कसा ओळखावा ?

चैत्राच्या सुमारास उसाची पाळी तोंडावर आलेली असते, वीज केव्हां येईल याचा भरंवसा नसतो, आणि नेमक्या अशा वेळीं विहिरीवरील डिझेल इंजिन गदगदां हालूं लागतें, दोनचार आचके देऊन बंद पडतें, व हँडल मारून माणूस घामाघूम झाला तरी पुन्हां धरत नाहीं. हा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. मिस्त्री राहतो तालुक्याच्या गांवीं. तो येईपर्यंत दोन दिवस जातात आणि वाफ्यांतील रोपें माना टाकतात. या दोन दिवसांत घरच्या घरीं दोष कसा शोधावा, हें या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. या कामास हातांपेक्षां कान व डोळेच अधिक लागतात.

आम्ही राहतों त्या खडकीचें नांव पूर्वीं 1817 सालच्या लढाईमुळें व पुढें दारूगोळ्याच्या कारखान्यामुळें लोकांस माहीत होतें. शेतकऱ्यांस मात्र तें ठाऊक झालें इंजिनामुळें. 1946 सालीं शंतनुराव किर्लोस्कर यांनीं येथें किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापिली, आणि एका सिलिंडरचें, पांच अश्वशक्तीचें, मिनिटास 1500 फेरे घेणारें इंजिन पुढें गांवोगांवच्या विहिरींवर जाऊन बसलें. याखेरीज राजकोटकडील मोठ्या चाकांचीं, 650 फेऱ्यांचीं मंदगती इंजिनेंही आपल्याकडे आहेत. कारखाना कोणताही असो, पुढील विवेचन दोहींसही लागू आहे.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यानें जर्मनींत 1897 सालीं जें इंजिन चालवून दाखविलें, त्याचें मर्म हेंच होतें. आंत ओढलेली हवा पिस्टन दाबून सुमारें सोळाव्या हिश्शावर आणतो. त्या दाबानेंच ती पांचशें अंशांच्या वर तापते, आणि त्या तप्त हवेंत डिझेलाचा बारीक फवारा सुटतांच तो पेट घेतो. 1500 फेऱ्यांच्या इंजिनांत असे फवारे मिनिटास 750 होतात. म्हणजे हवा पुरेशी दाबली गेली पाहिजे आणि डिझेल वेळेवर, बारीक फवाऱ्यानें आलें पाहिजे. या दोहोंपैकीं एक चुकलें की इंजिन थांबलें.

आमची हयात महसुली दप्तरांत गेली. तेथें पंचनाम्यावांचून शेरा मारावयाचा नाहीं, हा शिरस्ता. इंजिनाच्या बाबतींत बहुतेक लोक याच्या उलट वागतात : प्रथम पाना हातीं घेतात, दिसेल तो नट सैल करतात, आणि मग विचार करतात. तसें न करतां प्रथम इंजिनाजवळ हजर असलेल्या माणसाची जबानी घ्यावी. इंजिन एकदम थांबलें की फेरे हळूहळू पडत गेले ? थांबण्यापूर्वीं धूर कसा होता ? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, त्या वेळीं पाटांत पाणी पुरतें पडत होतें की तुटक येत होतें ?

हा शेवटचा प्रश्न फारसें कोणी विचारीत नाहीं. उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी उतरतें आणि फुटव्हॉल्व उघडा पडूं लागतो. पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. हवा आली की पंपाचा भार हलका होतो व इंजिन भरारा फिरूं लागतें. गव्हर्नर डिझेल कमी करतो. इतक्यांत पंप पुन्हां पाणी धरतो आणि भार एकदम अंगावर येऊन इंजिन दबतें. हें वरखालीं होणें म्हणजेच तो हादरा. मालकास वाटतें इंजिन बिघडलें. वास्तविक बिघाड विहिरींत असतो.

एवढ्यावर भागतें तर चिंता नव्हती. परंतु आपल्याकडील पुष्कळ संचांत इंजिन थंड ठेवणारें पाणी पंपाच्याच डिलिव्हरींतून एका लहान नळीनें येतें. पंपानें पाणी सोडलें की इंजिनाचेंही पाणी तुटतें. दहापंधरा मिनिटांत सिलिंडर तापतो, पिस्टन फुगून आंत घट्ट बसूं लागतो, इंजिन कण्हल्यासारखा आवाज करून थांबतें. आतां हँडल फिरतच नाहीं. तासाभरानें तें निवतें, फिरूं लागतें, मालक सुरू करतो, आणि तोच प्रकार पुन्हां होतो. एका बागाइतदाराकडे एकाच दिवसांत असें तीनदां झालेलें आम्हांस ठाऊक आहे. शेवटीं पिस्टन व लायनर दोन्ही बदलावीं लागलीं. फुटव्हॉल्व पाण्याखालीं नीट बुडाला असतां तर हा खर्च वांचला असता. तापून थांबलेल्या इंजिनावर गार पाणी मात्र कधींही ओतूं नये. त्यानें हेड तडकतें. तें आपोआप निवूं द्यावें, ऑइल पाहावें, आणि पाणी कोठें तुटलें तें शोधल्याखेरीज हँडलास हात लावूं नये.

येथेंच एक गंभीर गोष्ट सांगणें अवश्य आहे. पंप पाणी वर ओढतो तो वातावरणाच्या दाबावर. समुद्रकांठीं ती मर्यादा हिशेबानें सुमारें 10 मीटर, पुण्यासारख्या उंचीवर त्याहून कांहींशी कमी, आणि प्रत्यक्ष व्यवहारांत 6 ते 7 मीटरच धरावी. म्हणून पाणी उतरलें की कित्येक लोक इंजिनच विहिरींतल्या धक्क्यावर उतरवितात. तेथें धूर सांचतो. त्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. इंजिन कां थांबलें हें पाहण्यास एक उतरतो व खालीं पडतो, त्यास काढण्यास दुसरा उतरतो व तोही पडतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत येथें उपयोगाची नाहीं, कारण माणूस मरण्याजोगा हा वायु असला तरी कंदील जळतच राहतो. धुराचा पाइप विहिरीबाहेर लांब काढलेला नसेल तर विहिरींत इंजिन चालवूंच नये, आणि अशा विहिरींत बंद पडलेलें इंजिन पाहण्यास कोणीही उतरूं नये. कोणी आंत पडलाच तर दुसऱ्यानें तसेंच खालीं न उतरतां दोर व अग्निशामक दलाची मदत मागवावी.

आतां ज्या इंजिनाचें हँडल फिरतें पण जें धरत नाहीं, त्याकडे वळूं. प्रथम पट्टा उतरावा, म्हणजे पंपाचा भार सुटेल. नंतर डिकम्प्रेशन लिव्हर उचलून फ्लायव्हील हातानें फिरवावें. सुरळीत फिरलें तर आंत कांहीं अडकलेलें नाहीं. मग लिव्हर खालीं सोडून पुन्हां सावकाश फिरवावें. आतां एका जागीं जोराचा अडसर लागला पाहिजे आणि चाक मागें उसळलें पाहिजे. अडसर लागला तर दाब ठीक आहे. चाक तसेंच निसटून गेलें तर दाब कोठून तरी गळत आहे, आणि कान लावला तर कोठून तें कळतें : हवेच्या गाळणीकडे फुसफुस झाली तर आंत घेणारा व्हॉल्व, धुराच्या नळीकडे झाली तर बाहेर सोडणारा, आणि ऑइलच्या पेटीच्या श्वासनळीकडे झाली तर पिस्टनच्या रिंगा. हें काम मिस्त्रीचें. मालकानें येथें थांबावें.

परंतु आमच्या पाहण्यांत बहुतेक वेळां दाब ठीक असतो आणि खोळंबा डिझेलाचा असतो. फेरे हळूहळू पडत, खोकत थांबलेलें इंजिन बहुधा उपाशी असतें. टांकी रिकामी नाहीं ना, कॉक उघडा आहे ना, हें पाहिल्यावर टांकीचें झांकण उघडावें. त्यांतील बारीक छिद्र मातीनें बुजलें असेल तर उघडतांना हवा आंत ओढल्याचा आवाज येतो. छिद्र बुजलें की टांकींत हवा शिरत नाहीं व डिझेल उतरत नाहीं. अर्धा तास इंजिन चालतें, थांबतें, थोड्या वेळानें पुन्हां चालतें. या एका छिद्रापायीं लोकांनीं अटमायझर बदललेले आम्ही पाहिले आहेत !

छिद्र मोकळें असेल तर गाळणी. ती मळानें गच्च झाली किंवा तळाशीं पाणी सांचलें तरी हेंच लक्षण दिसतें. पाणी असेल तर धूर पांढरा येतो. आणि टांकी एकदां कोरडी पडली असेल, किंवा नळीचा वायसर चेपला असेल, तर नळ्यांत हवा शिरलेली असते. हवा दबते, डिझेल दबत नाहीं. म्हणून पंप हवेलाच दाबीत बसतो व फवारा सुटत नाहीं. ही हवा काढण्यास क्रम पाळावा लागतो. प्रथम गाळणीवरील स्क्रू सैल करून बुडबुडे संपून सलग डिझेल येईतों थांबावें व स्क्रू कसावा. मग डिझेल पंपाशीं तसेंच करावें. शेवटीं अटमायझरकडे जाणाऱ्या जाड नळीचा नट किंचित् सैल करून चाक फिरवावें. निव्वळ डिझेल आलें की नट घट्ट करावा. यानंतर चाक फिरवितांना अटमायझरमध्यें करकर असा आवाज ऐकूं आला तर फवारा सुटत आहे असें समजावें, व इंजिन बहुधा पहिल्या दुसऱ्या हँडलास धरतें. मात्र अटमायझर बाहेर काढून फवारा पाहतांना हात आड धरूं नये. तो चौरस सेंटिमीटरास 200 किलोच्या आसपास दाबानें निघतो, कातडींत शिरतो, आणि मग वेळ न दवडतां शस्त्रवैद्याकडेच जावें लागतें, जखम टांचणीएवढी दिसली तरी.

हवेच्या तोंडाशीं पेट्रोलाचा बोळा धरून इंजिन सुरू करण्याची खोड कांहीं लोकांस असते. त्यानें तें धरतें खरें, पण अवेळीं स्फोट होऊन रिंगा मोडतात. हँडल धरतांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, त्यास वेढा घालूं नये. चाक उलटें उसळल्यास मनगट वांचतें.

पट्टा उतरूनही नुसतें इंजिन हादरत असेल तर फाउंडेशनचे बोल्ट पाहावे, आणि फ्लायव्हीलची चावी सैल झाली आहे काय तें पाहावें. चावी सैल असेल तर इंजिन मुळींच चालवूं नये. तें चाक निसटलें तर भिंत फोडून जातें.

ट्रॅक्टरास वरील बहुतेक परीक्षा लागू पडते. पेट्रोलच्या मोटारगाडीची गोष्ट निराळी, कारण तिला ठिणगी लागते. गाडी उभी असतां थरथरूं लागली तर एखादा स्पार्क प्लग किंवा त्याची कॉइल काम देत नसावी. तापल्यावर बंद पडून निवल्यावर सुरू होणाऱ्या हल्लींच्या गाडींत टांकींतला विजेचा पंप, किंवा इंजिनाच्या फेऱ्यांची खबर देणारा सेन्सर, यांवर संशय घ्यावा. येथें मात्र मालकाची मजल थोडी. गाडीच्या संगणकानें नोंदलेला दोषाचा क्रमांक गॅरेजांत यंत्र लावून वाचवून घ्यावा, आणि तो क्रमांक कागदावर लिहून मागावा.

मिस्त्रीस बोलावितांना "इंजिन बंद पडलें" एवढाच निरोप धाडूं नये. एकदम थांबलें की हळूहळू, धूर काळा, पांढरा की निळा, हँडल फिरतें की नाहीं, अडसर लागतो की नाहीं, आणि पाणी तुटत होतें काय, एवढें फोनवर सांगावें. म्हणजे रिंगांचें काम आहे की वायसरचें हें तो निघण्यापूर्वींच ठरवितो व सामान बरोबर आणतो. दुसरी खेप पडत नाहीं. तांब्याचे चार वायसर व गाळणीचा एक नवा भाग इंजिनघरांत कोरड्या डब्यांत ठेवलेला असावा. आणि डिझेल पंपावरील कारखान्याची मोहोर त्याच्याही हातून, कारण विचारल्याशिवाय, फोडूं देऊं नये.