महागडा ड्रायर आणि कुंभकोणमची हवा

तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस अरसलार अशा दोन नद्यांच्या मध्ये कुंभकोणम हे नगर वसलेले आहे. मराठी वाचकास ते अगदीच परके वाटावयाचे कारण नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी तंजावरची गादी घेतली आणि १८५५ पर्यंत तेथे मराठ्यांचे राज्य नांदले. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण म्हणून गाजलेले सर टी. माधवराव हे १८२८ साली कुंभकोणमासच जन्मले. त्या मुलखातील काही घरांत आजही मराठी बोलली जाते. तिच्यात तमिळ शब्दांची भर पडली आहे एवढेच.

या भागास मुख्य पाऊस मिळतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून. भातखाचरे पाण्याने भरलेली असतात, दोरीवर घातलेली लुगडी दुसऱ्या दिवशीही दमटच लागतात, आणि न्हाऊन आलेल्या स्त्रीचे केस दुपार उलटली तरी मुळाशी ओले राहतात. आठवड्यातून एकदा तरी तेल चोळून अभ्यंग करावयाचे, शिकेकाईने केस धुवावयाचे, ही तिकडील जुनी रीत. त्यानंतर निखाऱ्यांवर सांब्राणी टाकून तिच्या ऊबदार धुरावर केस पसरतात. महाराष्ट्रात बाळंतिणीच्या केसांना धुरी देतात, त्याच जातीचा हा उपाय आहे. त्यातील सुवास सांब्राणीचा असला, तरी केस वाळविण्याचे काम निखाऱ्यावरची तप्त हवा करते. बंद खोलीत मात्र निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. आई शाळेत शिक्षिका आहे. केस कमरेच्याही खाली पोहोचणारे. सकाळी आठला घर सोडावे लागते. ओल्या केसांचा अंबाडा घालून दिवसभर वर्गात उभे राहावयाचे, हा तिचा दर पावसाळ्याचा त्रास. मुलगी नुकतीच नोकरीस लागलेली. पहिल्या बचतीतून आईसाठी केस वाळविण्याचे उत्तम यंत्र घ्यावे, असे तिच्या मनात आहे. बाजारात साधा ड्रायर १,००० ते १,५०० रुपयांस मिळतो. डायसन या ब्रिटिश कंपनीने २०१६ साली बाजारात आणलेल्या यंत्राची किंमत भारतात ३०,००० रुपयांच्या आगेमागे आहे. घराचे विजेचे वायरिंग जुने असून ते बदलण्याचे काम पैशांवाचून अडले आहे. अशा वेळी ३०,००० रुपये कोठे घालावे, हा चैनीचा नव्हे, तर संसाराचा प्रश्न होतो.

प्रथम यंत्राचे कार्य पाहावे. निकेल व क्रोमियम या धातूंच्या मिश्रणाची तार विजेने तापते. या मिश्रधातूचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली मिळाले, आणि इस्त्रीपासून शेगडीपर्यंत घरातील अनेक उपकरणे त्यामुळे शक्य झाली. तारेवरून पंखा हवा ढकलतो आणि तापलेली हवा केसांवर येते. स्वस्त असो वा महाग, यंत्राचा गाभा हाच.

हवा तापविल्याने काय साधते? समजा, नोव्हेंबरातील एखाद्या सकाळी तपमान २६ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के आहे. म्हणजे त्या तपमानास हवेत जेवढे बाष्प मावू शकते, त्याचे नऊ-दशांश आधीच भरलेले आहे. अशी हवा केसांतील पाणी घेणार तरी किती? हीच हवा ६० अंशांपर्यंत तापविली, तर तिच्यातील बाष्प तेवढेच राहते, पण बाष्प सामावण्याची शक्ती सुमारे सहापट होते. सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. कावेरीकाठची दमट हवा ड्रायरच्या तोंडाशी जणू वाळवंटातील हवा होते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र गच्चीवरील ऊन आणि छताचा पंखा हेच काम फुकट करतात. म्हणून कुंभकोणमात या यंत्राची खरी गरज वर्षातून तीन-चार महिन्यांचीच, असे मानावयास हरकत नाही.

आता उष्णतेचा हिशेब. पंचाने पुसून घेतल्यावरही लांब केसांत १०० ग्रॅम पाणी उरले असे धरू. एक ग्रॅम पाण्याची वाफ करावयास सुमारे २,४०० जूल उष्णता लागते. तेव्हा एकंदर २,४०,००० जूल. साधा ड्रायर १,२०० वॅटचा, म्हणजे सेकंदाला १,२०० जूल देणारा असेल, तर हे काम २०० सेकंदांत, साडेतीन मिनिटांच्या आतच, उरकावयास हवे. प्रत्यक्षात पंधरा मिनिटे लागतात. उरलेली उष्णता केसांना चाटून खोलीत निघून जाते. पाव हिस्साही कामी येत नाही. यावरून पंचाची थोरवी कळते. पिळून व टिपून जे पाणी निघते त्याची वाफ करावी लागत नाही. सुती पंचाने आणखी ५० ग्रॅम पाणी टिपले, तर यंत्राचे निम्मे काम वाचले, आणि पंचास वीज लागत नाही.

महाग यंत्रात वेगळे काय असते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्याची मोटर लहान असून मुठीत बसविलेली असते. ती मिनिटाला १,१०,००० फेरे घेते असे कंपनी सांगते. त्यामुळे छोट्या यंत्रातून जोराचा झोत निघतो आणि भार डोक्याशी न येता हाताच्या मुठीत राहतो. बाहेर पडणाऱ्या हवेचे तपमान यंत्र स्वतःच सेकंदागणिक अनेक वेळा मोजते व तारेची उष्णता आवरते. ही कारागिरी खरी आहे. शक्ती १,६०० वॅट. समजा, त्याने केस पंधराऐवजी दहा मिनिटांत वाळले. पंधरा मिनिटांत साधे यंत्र ०.३० युनिट वीज खाते, तर दहा मिनिटांत महाग यंत्र ०.२७ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर एका वेळची बचत सुमारे २७ पैसे. वर्षातून १०० वेळा केस धुतले तर २७ रुपये. किमतीतील ३०,००० रुपयांचे अंतर या बचतीतून भरून यावयास अकराशे वर्षे लागतील. पहिल्या परांतक चोळाच्या कारकिर्दीत खरेदी केली असती, तर पैसे आता कोठे फिटले असते!

तेव्हा विजेची बचत हे कारण सोडून द्यावे. वेळेची बचत अधिक विचार करण्याजोगी आहे. दर खेपेस ५ मिनिटे, वर्षाला १०० खेपा, म्हणजे वर्षाचे आठ तास. यंत्र पाच वर्षे टिकले तर सुमारे चाळीस तास वाचले. त्यांचे मोल तासाला ७५० रुपये पडले. केवळ पावसाळ्यात वापरावयाचे असेल तर ते याच्या तिप्पट होईल. याउलट कुंभकोणमातील एखाद्या ब्युटी पार्लरचा विचार करावा. तेथे दिवसाला दहा गिऱ्हाइके आणि वर्षाचे ३०० दिवस काम असेल, तर पाच वर्षांत साडेबाराशे तास वाचतात व तासाला २४ रुपयेच पडतात. शिवाय तेथील कामगार स्त्रीच्या मनगटावरील भार आणि कानांवरील आवाज कमी होतो, हा लाभ वेगळाच. तेच यंत्र एका ठिकाणी उधळपट्टी आणि दुसऱ्या ठिकाणी काटकसर ठरते.

राहिला केसांच्या आरोग्याचा प्रश्न, आणि महाग यंत्राच्या जाहिरातीचा भर मुख्यतः यावरच असतो. केस हे केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यांवर खवल्यांसारखे आवरण असते. फार उष्ण हवेने हे खवले फुटतात, आणि ओला केस अतिशय तापला तर आतील पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात. कोरियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे फार उपयोगी आहे. ड्रायर केसांपासून १५ सेंटिमीटर दूर धरला तेव्हा तपमान ४७ अंश भरले. १० सेंटिमीटरवर ६१ अंश. आणि ५ सेंटिमीटरवर ९५ अंश. जवळून वाळविलेल्या केसांच्या पृष्ठभागाची हानी अधिक झाली. मात्र यंत्राशिवाय आपोआप वाळू दिलेल्या केसांतही एक दोष आढळला. फार वेळ ओले राहिल्याने पेशींना जोडणारा आतील थर फुगला होता. यंत्र १५ सेंटिमीटरवर धरून सतत हलवीत राहावे, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे जे काम महाग यंत्रातील तपमापक करतो, ते बऱ्याच अंशी वितीहून थोडे कमी अंतर राखणारा हातही करू शकतो. अर्थात हात थकतो, घाईत जवळ येतो, आणि तपमापक थकत नाही. ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही त्याने हे ध्यानात घ्यावे.

यातही एक बारकावा आहे. केसांवर पाणी आहे तोवर बाष्पीभवनाने ते थंड राहतात, माठातील पाणी राहते तसे. ६० अंशांच्या झोतातही ओल्या केसाचे तपमान शरीराच्या तपमानाजवळच असते. वरचे पाणी संपले की केस भराभर झोताच्या तपमानाकडे चढू लागतो. हानीचा काळ तो शेवटचा. म्हणून आरंभी झोत उष्ण ठेवावा, केस जवळजवळ कोरडे झाले की उष्णता कमी करावी, आणि किंचित ओल असतानाच थांबावे. साध्या यंत्रावरही यासाठी थंड हवेचे बटण पुष्कळदा असते. ते बहुतेकांच्या घरी कधीच दाबले जात नाही.

केस नितळ व सरळ राहतील, या आश्वासनाचे काय? केसांचा तात्पुरता आकार केरॅटिनच्या रेणूंमधील हायड्रोजन बंधांवर अवलंबून असतो. पाण्याने हे बंध सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात. परंतु केस हवेतील बाष्पही शोषतात. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असता केसांत त्यांच्या वजनाच्या सुमारे एक-दशांश पाणी असते. ९० टक्के असता ते पाचव्या हिश्श्याहून अधिक होते. म्हणजे पावसाळ्यात घराबाहेर पाऊल टाकताच बसविलेला आकार सुटू लागतो, मग तो १,००० रुपयांच्या यंत्राने बसविलेला असो की ३०,००० च्या. ऋण आयन सोडून केसांतील विद्युत्भार घालविण्याची जी सोय सांगतात, तिचीही तेथे फारशी गरज नाही. असा भार कोरड्या हवेत, जसे नागपूरच्या हिवाळ्यात, साचतो. दमट हवेत तो आपोआप निघून जातो.

आता त्या घराच्या वायरिंगकडे वळावे. १,६०० वॅटच्या यंत्रास २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपियर प्रवाह लागतो. घरातील लहान सॉकेट ६ अँपियरचे असते. तेव्हा असे यंत्र गीझरसाठी असते तसल्या १६ अँपियरच्या सॉकेटवरच चालवावयास हवे. १,२०० वॅटच्या यंत्रास सव्वापाच अँपियर पुरतात. जुन्या घरातील सैल जोडाशी जास्त प्रवाह गेला की तो जोड तापतो, प्लग पिवळा पडतो व जळका वास येतो. ओल्या हातांनी, दमट भिंतीपाशी वापरावयाच्या उपकरणाला तर याहून अधिक जपावे लागते. अर्थिंग नीट असणे आणि ३० मिलिअँपियरच्या गळतीस प्रवाह तोडणारा स्विच बसविणे, यांवर खर्च केलेला पैसा आईच्या ड्रायरपुरताच नव्हे, तर मिक्सर, इस्त्री आणि गीझर या सर्वांसाठी कामी येतो.

तरीही मुलीला पारख करूनच ठरवावयाचे असेल, तर शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल असा एक सोपा प्रयोग आहे. लोकरही केसांप्रमाणे केरॅटिनचीच असते. लोकरीच्या सारख्या वजनाच्या दोन लडी घ्याव्यात, भिजवून सारख्या पिळाव्यात आणि स्वयंपाकघरातील तराजूवर तोलाव्यात. एक साध्या ड्रायरने, दुसरी ओळखीच्या पार्लरमधील महाग यंत्राने, दोन्ही १५ सेंटिमीटरवरून वाळवावी व दर दोन मिनिटांनी वजन टिपावे. आरंभी वजन झपाट्याने व एकसारखे उतरेल, पुढे उतार मंदावेल. दोन आलेखांमध्ये शेवटी जेवढ्या मिनिटांचे अंतर पडेल, तेवढीच मिनिटे ३०,००० रुपयांस विकत मिळावयाची आहेत. तिसरी लड पंख्याखाली टांगून ठेवावी. नोव्हेंबरात आणि मे महिन्यात तिचे आकडे किती निराळे येतात, हे पाहण्यासारखे असते.